दौंडची दुर्बीण
जुन्या चामड्याचा वास आला की मला दौंड स्टेशनबाहेरचं जुन्या सामानाचं दुकान आठवतं. हरणं आमच्या हरभऱ्यात कुठून घुसतात ते गच्चीवरून दिसावं म्हणून वडील दुर्बीण घ्यायला आले होते, मी अकरावीत होते. दुकानदाराने मोठी, चकचकीत दुर्बीण पुढं केली. वडील खिशातलं सगळं काढणार, तेवढ्यात मी ओरखडे पडलेली छोटी दुर्बीण डोळ्यांना लावून रस्त्याच्या टोकाच्या एसटीची पाटी वाचली, न्हावरे. "मामा, आता मोठीतून वाचा." दुकानदाराने बराच वेळ दुर्बिणीचं चाक फिरवलं. "तिकडं धूळ हाय," तो म्हणाला. "छोटीला धूळ दिसली न्हाई," मी म्हणाले. निम्म्या पैशात घेतलेल्या त्या छोटीनेच दुसऱ्या दिवशी कुंपणातली फट दाखवली. आता मला जाड चष्मा आहे, तरी कुठल्याही दुकानात वडील म्हणतात, "थांबा, आधी पोरीला बघू द्या."