मुलीचे मामा

ती दोघं सुट्टीला कोकणात आलेली. सकाळी समुद्रात भिजता भिजता ठरवलं आणि दुपारी किनाऱ्यावरच्या देवळात लग्नाला उभी राहिली. अंतरपाट म्हणून तिचीच ओढणी धरली होती. गुरुजींनी सवयीने हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

कुणी हललं नाही. तिची मान खाली गेली, तसा दर्शनाला आलेला मीच पुढे झालो. तिचा हात धरून तिला अंतरपाटापाशी आणलं. माणूस पळून कितीही लांब गेला, तरी घरच्यांच्या रिकाम्या जागा त्याच्याआधी तिथे पोचलेल्या असतात.

अक्षता पडल्या आणि तिचा फोन वाजला.

"हो आई, जेवले. समुद्र छान आहे गं," ती म्हणाली, आणि आईला दिसतील की काय अशा घाईने केसांतल्या अक्षता झटकत राहिली.