जावयाचा तारा आणि सान इसिद्रोचं डुक्कर

आलिंग फेमियाच्या, म्हणजे फेमियाबाईंच्या, खानावळीत दोन गोष्टी फुकट मिळायच्या. एक, सिनिगांगचा आंबट रस्सा, आणि दुसरी, उलटतपासणी. रस्सा कुणालाही मिळे, अगदी दारात ट्रायसिकल लावून घाईघाईत दोन घास खाणाऱ्यालाही. उलटतपासणी मात्र फक्त कर्नल आणि त्याच्या वरच्यांना.

खानावळ पासायमध्ये, समितीच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत. आमच्याकडे सैन्यात कर्नल किंवा जनरल व्हायचं तर नुसतं राष्ट्राध्यक्षांनी नेमून भागत नाही. सिनेटर आणि खासदार मिळून बसलेली समिती त्या नावावर शिक्का मारते, तेव्हा कुठे हुद्दा अंगाला चिकटतो. त्यामुळे सुनावणीच्या दिवशी सकाळपासून गल्लीत कडक इस्त्रीचे गणवेश गोळा होत. ज्यांनी जंगलात बंडखोरांच्या गोळ्या चुकवल्या, समुद्रात वादळं अंगावर घेतली, ती माणसं फेमियाच्या बाकावर बसून रुमालाने तळहात पुसत आणि पुन्हा पुन्हा पाणी मागत.

फेमियाने तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं होतं. नवरा पोन्सियानो सैन्यात आचारी. तो गेल्यावर तिने त्याच्या कढया बाहेर काढल्या आणि खानावळ घातली. दुपारची गर्दी ओसरली की ती सुनावणीच्या सभागृहात प्रेक्षकांच्या खुर्चीत जाऊन बसे, कारण तिथे गारवा होता आणि प्रवेशाला तिकीट नव्हतं. पहिला महिना तिने निव्वळ झोपा काढल्या. पण शिक्षिका झोपेतसुद्धा ऐकते. महिनाअखेर तिच्या लक्षात आलं, की सदस्य बदलतात, अधिकारी बदलतात, प्रश्न काही बदलत नाहीत.

मग तिने तालमी सुरू केल्या. अधिकाऱ्याला बाकावर बसवायचं, आपण पळी घेऊन समोर उभं राहायचं. उत्तर लांबलं की पळी टेबलावर आपटे. संरक्षणावरचे प्रश्न सोपे असतात, असं ती सांगे. ते तुम्हालाही येतात आणि त्यांनाही फारसे कळत नाहीत. खरा प्रश्न शेवटी येतो. कुणीतरी सदस्य चष्मा काढून मायेने विचारतो, पत्नी आल्या आहेत का? त्यांना उभं करा. आणि घरी कमांडर कोण? या प्रश्नाचं एकच उत्तर देशभरात मान्य आहे. आरमाराच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने छाती फुगवून ‘मी’ म्हणून सांगितलं. समितीने हसून शिक्का दिला, पण पुढचे दोन आठवडे तो माणूस तिन्ही त्रिकाळ फेमियाकडे जेवायला होता.

शेजारणी म्हणत, या नाटकाला काय अर्थ आहे गं? फेमिया त्यावर चिडे. ती तरुण होती तेव्हाच्या मार्शल लॉच्या वर्षांत अशी समितीच नव्हती. एक माणूस मान डोलवायचा आणि दुसऱ्याच्या खांद्यावर तारा चढायचा. ते तारे मग काय काय करत फिरले, ते तिच्या शाळेतल्या दोन शिक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांना माहीत होतं. तेव्हापासून तिचं ठाम मत झालं होतं, की ज्याच्या हाती तोफा द्यायच्या, त्याला साध्या कपड्यातल्या माणसाने आधी चार प्रश्न विचारावेत. मूर्ख प्रश्न असले तरी चालतील. मूर्ख प्रश्नाला जो नीट उत्तर देतो, तो गावकऱ्याच्या अंगावर गाडी घालत नाही.

तिच्या बाकावरून उठलेला एकही माणूस नापास होऊन आला नव्हता. एक सोडून. आणि तो एक नेमका घरातला निघाला.

जावई कर्नल इलारियोन बुगायोंग. सहा फूट उंच, ओठ मिटलेले, हिशेबाने बोलणारा. मुलीने, देलियाने, याच्यात काय पाहिलं हे कोडं फेमियाला सव्वीस वर्षांत सुटलं नव्हतं. पण माणूस चोख होता, लाच नाही, भानगड नाही. राष्ट्राध्यक्षांनी त्याला ब्रिगेडियर जनरल नेमलं, एक तारा चढला. समितीसमोर नाव आलं, आणि वेर्सोसा नावाचे एक खासदार उठून म्हणाले, माझी हरकत आहे. नियम असा, की एका सदस्याने हरकत घेतली की विषय तिथेच थांबतो, कारण सांगावं लागत नाही. सत्र संपलं, नाव आपोआप गळालं, तारा उतरला. राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा नेमलं, तारा पुन्हा चढला. वेर्सोसा पुन्हा उठले. तारा चढवण्या-उतरवण्यात देलियाने त्या गणवेशाच्या खांद्यावर इतकं सुईकाम केलं, की तिथे खिसा लावला असता तर सोपं पडलं असतं.

आता तिसरी खेप होती. सत्राची शेवटची बैठक परवावर आली होती आणि इलारियोन जुलैत निवृत्त होणार होता. परवा शिक्का बसला नाही, तर तो कर्नल म्हणूनच घरी येणार.

त्याच दुपारी खासदार वेर्सोसा फेमियाच्या खानावळीत आले. ते नेहमी येत. त्यांना तिचा रस्सा आवडे. कर्नल बुगायोंग तिचा जावई आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि तिने ते सांगितलंही नाही. तिने वाटी भरली, समोर बसली आणि सरळ विचारलं, की त्या उंच कर्नलचं घोडं का अडवून धरलंय?

खासदारांनी चमचा खाली ठेवला. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, ते म्हणाले. त्यांचं गाव सान इसिद्रो, तिथे हा कर्नल छावणीवर होता. मे महिन्यातली गावची जत्रा. त्या दिवशी घरोघरी दारं उघडी असतात, ओळखीचा-बिनओळखीचा जो उंबऱ्यात येईल त्याने जेवायचं आणि निघताना डबा बांधून न्यायचा. हा कर्नल महापौराच्या घरी भरपेट जेवला. महापौर म्हणजे वेर्सोसांचा सात जन्मांचा वैरी. मग तो आला खासदारांच्या आईकडे.

“माझी आई चौऱ्याऐंशीची होती तेव्हा,” खासदार म्हणाले. “पहाटेपासून डुकराच्या रक्तातलं दिनुगुआन ढवळत उभी. हा दारात आला. आई म्हणाली, या, जेवा. तर हा म्हणतो, माझं पोट भरलंय. आणि निघून गेला. डबासुद्धा नेला नाही, आलिंग फेमिया! त्या दिवसापासून आईने दिनुगुआन केलेलं नाही. मी काय खाऊ?”

फेमिया जावयाची बाजू घेणार होती. तोंड उघडलंही होतं. पण ‘माझं पोट भरलंय’ हे शब्द ती स्वतः सव्वीस वर्षं ऐकत आली होती. तिच्याच घरी, तिच्याच टेबलाशी, दर रविवारी, नाताळला, नातवंडांच्या बारशाला, जावई हेच वाक्य बोलत आला होता. तिने खासदारांच्या वाटीत आणखी दोन पळ्या रस्सा ओतला. आणि बरोबर तळलेला मासा दिला, जो फुकट नव्हता.

संध्याकाळी तिने जावयाला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. सान इसिद्रो दोन दिवसांच्या वाटेवर, जाऊन माफी मागून यायला वेळ नव्हता. मग फेमियाने तोडगा काढला. परवा मी सभागृहात असेनच, तो विषय निघाला तर सांगायचं की त्या दिवशी पोट बिघडलं होतं. बिघडलेल्या पोटावर कुणी रागावत नाही.

“नानाय, तिथे शपथ घ्यावी लागते,” इलारियोन म्हणाला. सासूला तो आईच म्हणत असे.

“शपथ संरक्षणाच्या बाबतीत असते. पोटाच्या नाही.” पळी टेबलावर आपटली. “म्हण पुन्हा. पोट बिघडलं होतं, महोदय.”

त्याने वीस वेळा म्हटलं. एकविसाव्या वेळी ते जवळजवळ खरं वाटलं.

बैठकीच्या दिवशी सभागृह ठासून भरलं होतं. प्रत्येक अधिकाऱ्यामागे दोन-दोन ओळी नातेवाईक, फुगे लपवलेल्या पिशव्या, गजरे. फेमिया देलियाशेजारी बसली होती, मांडीवर पान्सितच्या परतलेल्या शेवयांचा मोठा डबा; शिक्का बसला तर वाटायला, नाही बसला तर रडताना खायला. बारा नावं भराभर पुढे गेली. प्रत्येक वेळी कुणीतरी उठून सांगे की उमेदवार आपल्याच प्रांताचा आहे, नाहीतर निदान त्याची मावशी तरी आहे, आणि टाळ्या पडत. मग बुगायोंग हे नाव पुकारलं गेलं आणि खासदार वेर्सोसा उठले.

अध्यक्षा सिनेटर बाईंनी उसासा टाकला. हरकत का, असं त्यांनी विचारलं. खासदार म्हणाले, हरकत आहेच, पण आज शेवटचा दिवस आहे, तेव्हा आधी एक प्रश्न विचारतो. मग त्यांनी भर सभेत सान इसिद्रोची जत्रा, महापौराचं घर, आईची कढई सगळं सांगितलं, आणि विचारलं की कर्नलसाहेब, तुम्ही माझ्या आईच्या दारातून उपाशी का परतलात?

फेमियाने ओठ हलवून दाखवले. पोट. बिघडलं. होतं.

इलारियोनने तिच्याकडे पाहिलं आणि तो समितीकडे वळला.

“पोट भरलं होतं म्हणून नाही, महोदय,” तो म्हणाला. “आम्ही नऊ भावंडं. कुणाच्या घरी गेलो की आई दारातच बजावायची, जेवायला विचारलं तर पोट भरलंय म्हणा, त्यांचंही भांडं आपल्याएवढंच आहे. विचारलं की माझ्या तोंडून ते आपोआप निघतं. आता पन्नास वर्षं झाली. भांडं केवढं आहे हे मी बघतसुद्धा नाही.”

“माझ्या आईचं भांडं!” खासदार म्हणाले. “त्यात माझे तीन भाऊ अंघोळ करून मोठे झालेत.” सभागृह हसलं, पण ते थांबले नाहीत. “आणि महापौराकडे कसे जेवलात?”

“तिथे कुणी विचारलंच नाही, महोदय. हातात ताट दिलं.”

फेमियाच्या हातातलं डब्याचं झाकण मांडीवर पडलं. सव्वीस वर्षं ती विचारत होती. दर रविवारी, स्वयंपाकघराच्या दारातून, थोडं ताठ्याने, एकदाच: जेवणार का? आणि त्याने ‘पोट भरलंय’ म्हटलं की ताट फडताळात. गणिताची शिक्षिका असून तिला हे उदाहरण सुटलं नव्हतं. प्रश्नच चुकीचा घातला होता.

खासदार वेर्सोसांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, हरकत माझी नाही, आईची आहे. मागे घ्यायची तर तिनेच घ्यायला हवी. नियमात असं काही बसतं का, यावर अध्यक्षा आणि सचिव यांच्यात कुजबूज झाली. नियमात मनाईही नव्हती. तोवर खासदारांनी फोन लावून माईकसमोर धरला होता. लोला म्हणजे आजी; खासदारांच्या आईला, कोन्सोर्सियाला, सगळे लोलाच म्हणत. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक कोंबडा आरवला. मग म्हातारीचा आवाज सभागृहभर घुमला.

“आज जेवलाय का तो?”

“विचारू नका, लोला!” प्रेक्षकांतून फेमिया ओरडली. ती उठली होती. रखवालदाराने हात आडवा केला, तर तिने तो डब्याने बाजूला सारला. तो रखवालदारही तिचंच गिऱ्हाईक. ती सरळ साक्षीदाराच्या टेबलापर्यंत गेली, झाकणात पान्सित वाढलं, वर लिंबू पिळलं आणि एक शब्द न बोलता जावयाच्या हातात दिलं.

अध्यक्षांनी कामकाज दहा मिनिटं तहकूब केलं. कारणाच्या जागी काय लिहायचं, असं सचिवाने विचारलं. बाई म्हणाल्या, लिहा, आवश्यक.

इलारियोन जेवला. पंचवीस सदस्य, बारा नवे जनरल, त्यांच्या बायका आणि सासवा बघत होत्या, आणि तो मान खाली घालून शेवया संपवत होता. झाकण रिकामं झालं तसं फेमियाने पुन्हा भरलं. देलिया रडत होती की हसत होती, कळायला मार्ग नव्हता. फोनवरून लोला कोन्सोर्सिया दर मिनिटाला चौकशी करत होती, की किती खाल्लं, आणि खासदार तिला कोंबड्यांच्या झुंजीच्या थाटात वर्णन ऐकवत होते.

“बरं,” म्हातारी शेवटी म्हणाली. “माझं काही म्हणणं नाही. पण कर्नल, माझ्या घरी ये जत्रेला, ताट मी हातात देईन. आणि ते पान्सित केलं कुणी? लिंबू आधी पिळलं की नंतर?”

“मी केलं,” फेमिया माईकशी वाकून म्हणाली. “नंतर.”

“नंतर नाही. ताटात घेताना.”

“ताटात घेतानाच म्हणजे नंतरच ना, लोला.”

“रक्त कधी घालतेस? दिनुगुआनमध्ये?”

फेमियाने फोन खासदारांच्या हातून काढून घेतला, माईकपासून लांब, खिडकीशी जाऊन उभी राहिली. रक्त घातल्यावर ढवळायचं की नाही, हा प्रश्न गंभीर होता. फेमियाचा नवरा सैन्याचा आचारी होता, त्यामुळे तिचं मत एक होतं, लोला कोन्सोर्सियाचं बरोबर उलटं. मागे अध्यक्षा कामकाज पुन्हा सुरू झाल्याचं सांगत होत्या. कुणीतरी ठराव मांडला. कुणीतरी उठून म्हणालं की कर्नलच्या सासूबाई आपल्या प्रांताच्या आहेत, जे खोटं होतं. हातोडी वाजली, फुगे बाहेर आले, गजऱ्यांची ढकलाढकली सुरू झाली.

नवा ब्रिगेडियर जनरल सरळ खिडकीपाशी आला, टाचा जुळवल्या आणि सासूला कडक सलाम ठोकला. ओठांच्या कडेला शेवई चिकटली होती.

“थांब रे जरा,” फेमियाने त्याला हाताने बाजूला केलं. “लोला, व्हिनेगर आधी? ते कसं काय? सांगा पाहू.”