देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया

आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या गटात मी एकटीच बाई. महिन्यातून एका रविवारी सकाळी एका सभासदाच्या चादरींच्या दुकानात, शटर अर्धं वर करून, आम्ही जमतो. पहिल्यांदा गेले तेव्हा एकाने विचारलं, "मिस्टर नाही आले?" मी म्हटलं, "त्यांना नाणी फक्त खर्चायला आवडतात." त्यानंतर कुणी माझ्या वाटेला गेलं नाही.

आमच्याकडे अदलाबदलीची एक रीत आहे. तुमचं नाणं तुम्ही चादरीवर ठेवायचं, समोरच्याने त्याचं ठेवायचं. भिंगातून हवं तेवढं बघून घ्यायचं. मग दोघांनी एकाच वेळी एकमेकांचं उचलायचं. उचललं की मिटलं. घरी जाऊन हळहळ वाटली तरी परत मागायचं नाही. आणि नाणं कुठून आलं, हेही विचारायचं नाही. ही दुसरी अट मला फार सोयीची वाटायची. जुन्या नाण्याच्या मागे मागे गेलं तर माणूस कुणा ना कुणा मेलेल्यापाशीच जाऊन पोचतो, आणि मला असल्या गोष्टींचा तिटकारा आहे. भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते.

आमच्यात एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. भलतेच काटेकोर. एखाद्या वर्षाचं नाणं हाती आलं की त्याच वर्षाचं, त्याच टाकसाळीचं, पण त्याहून ठळक नाणं मिळेपर्यंत त्यांना चैन नसते. मिळालं की जुनं काढून टाकायचं, नवं त्या जागी. आम्ही सगळे हेच करतो. त्यात कुणाला काही वाटत नाही.

त्या रविवारी सरांनी चादरीवर एक राणीछाप चांदीचा रुपया ठेवला. इतका झिजलेला, की राणीचं नाक, डोळा, मुकुट काहीच उरलं नव्हतं. नुसता लांबट उंचवटा. मागचं वर्ष तेवढं तिरपं धरल्यावर दिसायचं. समोर अक्कलकोटकडचा आमचा एक मित्र बसला होता. त्याचं पैंजण घडवायचं छोटं दुकान आहे. त्याच्याकडे त्याच वर्षाचा, कालच टाकसाळीतून पडल्यासारखा टवटवीत रुपया होता.

"सर, ह्ये नाणं न्हाय की, चांदीची चकती हाय," तो हसून म्हणाला.

सरांनी वर दोन तांब्याची नाणी ठेवली. त्यावर हैदराबाद संस्थानचा शिक्का होता. मलाच त्यांचा मोह झाला. दोघांनी हात पुढे केले, उचललं, मिटलं. सर रुपयाकडे बघत राहिले. नंतर चहासुद्धा न घेता गेले, हे मला जरा विचित्र वाटलं.

आठवडाही झाला नसेल, सरांच्या बायकोचा फोन आला. "ताई, जरा घरी येता का? यांच्याम्होरं बोलता यायचं न्हाय." सरांचा फ्लॅट जुळे सोलापुरातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. सर भाजीला गेले होते. वहिनी मला थेट देव्हाऱ्यापाशी घेऊन गेल्या. देवांच्या ओळीत डाव्या कडेला एक छोटी वाटी पालथी घातलेली होती. त्यांनी ती उचलली. खाली तो टवटवीत राणीछाप. राणीचा डोळा, नाक, ओठ, सगळं ठळक कोरलेलं.

"आशी बघती माज्याकडं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून झाकलीय."

मग त्यांनी सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. वहिनी सरांच्या दुसऱ्या. पहिली लग्नानंतर वर्षाच्या आत तापाने गेली. काही घरांत अशा वेळी गेलेलीच्या नावाने देव्हाऱ्यात चांदीचा टाक बसवतात आणि दुसरीने त्याची पूजा करायची असते. सरांच्या आईची टाक घडवून घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तिने घरातला राणीछाप रुपयाच बसवला. वहिनी या घरात आल्या त्या दिवसापासून तो रुपया त्यांच्याकडे. रोज चिंच आणि राखेने घासायचा, कुंकू लावायचं. नवी साडी आणली की आधी तिला दाखवायची, मग घडी मोडायची. आमटीत मीठ जास्त झालं तरी तिलाच सांगायचं, सासूला नाही. चाळीसेक वर्षं हे चाललं होतं. राणीचा चेहरा वहिनींच्या अंगठ्याखाली गेला होता.

"लोक म्हणत्यात सवतीचा जाच आस्तो," त्या म्हणाल्या. "मला कदी न्हाई झाला. घरात आमी दोघी व्हतो. आता ती न्हाय. यांनी तिला कुटं दिली ते इचारा. मला तिला परत आनायचीय."

मी त्यांच्यावर चिडले असते तर मलाच बरं वाटलं असतं. पण त्या रडत नव्हत्या की घुमत नव्हत्या. शेजारीण गाव सोडून गेल्यावर बाई जशी बोलेल तशा बोलत होत्या. स्वयंपाकघर टापटीप होतं, कुकरची शिट्टी झाली, आणि तरी मला त्या घरात कुणीतरी कमी आहे असं स्पष्ट जाणवलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

सर आले तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"अहो, वर्ष तेच, टाकसाळ तीच," सर म्हणाले. "फरक काय आहे? उलट चांगला पीस आणला की मी तिच्यासाठी."

हे वाक्य जगात फक्त आमच्यातलाच माणूस बोलू शकतो. मी त्यांना फाडफाड बोलले. रीत गेली खड्ड्यात म्हटलं, आणि त्यांना घेऊन दुसऱ्याच दिवशी अक्कलकोटची एसटी धरली.

पैंजणवाल्या मित्राने आम्हाला बघून बाकडं पुसलं. विषय कळला तसा त्याचा चेहरा उतरला. "अक्का, खोटं कशाला बोलू? आटवला की. आलेली चांदी मी फार दिस ठेवत न्हाई. पैंजणात गेला. ती जोडीबी इकली."

सर खाली बसले.  मित्राने आतून एक डबा आणला, त्यात आणखी झिजलेले राणीछाप होते, अजून मुशीत न गेलेले. सरांनी एकेक तिरपा धरून बघितला आणि एक बाजूला काढला. वर्ष तेच. झीज तशीच. मला त्यांचा बेत कळला. मी त्यांना अडवलं नाही, कारण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

येताना एसटीत पुढच्या बाकावर एक नवी नवरी बसली होती. गचका बसला की तिचे पैंजण वाजायचे. मी खिडकीबाहेर बघायचं ठरवलं, पण प्रत्येक वेळी मान तिकडेच वळत होती. तेव्हापासून हे माझ्या मागे लागलंय. बाजारात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये कुठेही पैंजण वाजले की मी आधी पायांकडे बघते. माझ्यासारखी बाई! मला स्वतःचाच राग येतो, आणि भीतीही वाटते. ही भीती कुणाला सांगण्यासारखी नाही.

घरी गेल्यावर सरांनी रुपया वहिनींच्या हातावर ठेवला. "मिळाली," म्हणाले. वहिनींनी डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला. एकदाच. मग कडेच्या दात्यांत अडकलेलं काळपट कुंकू नखाने उकरून बघितलं.

"ही ती न्हाय."

"अगं, वर्ष—"

"न्हाय म्हनते की. हिला दुसऱ्याच कुनीतरी पुसलंय." त्यांनी रुपया धुतला, कोरडा केला, कुंकू लावलं आणि वाटीखालच्या जागेवर ठेवला. टवटवीत रुपया काढून सरांच्या हातात दिला. "हीबी कुनाच्या तरी घरची हाय. आता ऱ्हाऊ दे हितंच. आपली कुटं हाय?"

सरांनी खरं सांगितलं. आटवली, पैंजण केले, विकले. वहिनींनी ऐकून घेतलं.  मी उठायला हवं होतं, पण उठवेना.

"का बदललीत?" वहिनींनी विचारलं. "चांगला पीस म्हनू नका."

सर त्या नव्या राणीकडे बघत म्हणाले, "तिचं तोंड आठवंना मला. कितीतरी वर्षं झाली. फोटो न्हाई. कागद घेऊन बसलो तरी रेघ उमटत न्हाई. त्या रुपयावरबी काय दिसत नव्हतं. वाटलं, निदान कुठलं तरी तोंड असू दे."

शाळेत आयुष्यभर पोरांना चेहरे काढायला शिकवलेला हा माणूस. मला त्याची दया आली, आणि मी त्याला जिन्यात जे बोलले होते ते मला बोचलं.

"मला दिसत व्हतं की," वहिनी म्हणाल्या. "बारीक व्हती. कपाळ मोठं. हनुवटीवर गोंदल्यालं, तीन ठिपकं. हसली की वरचा व्हट दातावर आडकायचा."

वहिनींनी तिला आयुष्यात पाहिलेलं नाही. सासूने कधी सांगितलं असेल. नाहीतर इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच तिला हळूहळू घडवली असेल. मी सरांकडे बघत होते. त्यांचा चेहरा हलला. ते "व्हय" म्हणाले. आठवलं म्हणून म्हणाले, की आठवायला हवंच होतं म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही.

सर पाटावर सरकून वहिनींच्या जवळ बसले.

"आनखी सांग," ते म्हणाले.