देदाहच्या गिटारची घरघर

नुआकशोत शहरातल्या आमच्या वस्तीत देदाहसारखा वादक दुसरा नाही. हे मी म्हणतो, आणि मी सहजासहजी कुणाला चांगलं म्हणणारा नव्हे. बापाची तंतुवाद्यावरची बोटं त्याने गिटारवर आणली. आमचे सूर निघावेत म्हणून तिच्यावर जादा पडदे बसवून घेतले, तेही माझ्याकडूनच. आम्ही जातीचे लोहार, हल्ली पंपांच्या मोटारी गुंडाळून पोट भरतो. देदाहने मात्र सगळा जन्म बायकोच्या, साल्काच्या, गाण्यामागे बसून काढला.

अलीकडे मात्र त्या गिटारला घरघर लागली होती. लग्नाच्या तंबूत वीज शेजाऱ्याकडून ओढलेली, वर ट्यूबलाइटांची रांग, बाजूला धडधडणारा जनरेटर. गिटारच्या तारांखालची कॉइल जसा तारांचा सूर टिपते, तशी ही सगळी वीजही टिपते आणि भोंग्यातून घूंऽऽ करत बसते. एकेक घर लग्नाला गायला बोलावेनासं झालं. साल्का चारचौघांत म्हणायची, "माझा गळा ठणठणीत आहे हो, ह्यांची गिटारच मला गिळते." देदाह ऐकून घ्यायचा.

शेवटी उरलं एक लेमराबोतांचं घर. त्या घरच्या लग्नांत साल्काची आजी गायली, आई गायली. तिथल्या उम्मेलखैर आत्याने निरोप धाडला, "घरघर घेऊन येणार असाल तर येऊच नका."

देदाह गिटार पोटाशी धरून माझ्या दुकानात आला. डोळे सुजलेले.

"लोहारा, मी हिला मारून टाकलं रे. हिच्या दोन कॉइलींपैकी एकीच्या वायरी उलट्या जोडल्या. घरघर गेली, पण सूरही गेला. डासासारखी वाजतेय."

"वायरी उलट्या केल्यास, आणि खालचं लोहचुंबक कोण उलटं करणार? तुझा सासरा?" मी म्हणालो. "दोन कॉइली एकमेकींच्या उलट जोडल्या की बाहेरची वीज आपसात भांडून मरते. पण सूरही मरतो. चुंबक उलटं केलं की सूर दुसऱ्यांदा उलटतो, म्हणजे सुलटा होतो. तेवढाच जगतो."

"मग कर ना! पाया पडतो तुझ्या. हे घर सुटलं तर साल्का जगायची नाही. आत्ताच जेवत नाही धड."

मी कॉइल उघडली. डिंक सैल करून चुंबकाची पट्टी पालथी घातली, वायरी जोडल्या. मुद्दाम डोक्यावरची ट्यूबलाइट पेटवली, पलीकडचा पंप सुरू करायला लावला. देदाहने गिटार भोंग्याला जोडली. काही नाही. चिडीचूप. मग त्याने तार छेडली आणि भरघोस सूर निघाला. तो इतका हसला की मलाही हसू आवरेना. त्याने साल्काला बोलावून घेतलं.

"गा."

"लग्नात गाईनच की. इथे दुकानात कसली परीक्षा घेता?"

"एकच कडवं. माझ्यासाठी."

ती गायली. खालच्या सुरात ठीक होतं. वर गेली, आणि आवाज फाटला. सुराच्या जागी नुसती खरखर आणि वारा. गिटार इतकी स्वच्छ होती की काही म्हणता काही लपलं नाही. देदाहचा हात तारेवरच थांबला. गाताना ती सारखी 'आवाज वाढवा' म्हणून त्याला का खुणावत होती, ते आम्हा दोघांना तिथे कळलं. घरघर लागली होती ती गळ्याला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"रमजानच्या आधीपासून. डॉक्टर म्हणतो गाठी आहेत. गाणं सोड, नाहीतर बोलणंही जाईल."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"तुम्ही गाऊ दिलं असतं?" मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "दादा, गिटार होती तशी करून द्या."

"नको, साल्का. घरी चल. नको ते लग्न."

"घरी जाऊन काय करू? सांगा ना. लोकांचा चहा गाळत बसू? मी दुसरं काय आहे हो?"

मला दोघांचाही भयंकर राग आला होता, आणि रडूही. शेवटी देदाहने तापलेली सोल्डरिंगची सळई उचलून माझ्या हातात दिली.

लेमराबोतांच्या तंबूत मी मागे उभा होतो. घरघर अशी की ग्लासातला चहा थरथरावा. साल्का गात होती, बायका झुलत होत्या. मध्येच उम्मेलखैर आत्या उठली.

"काय रे देदाह, सांगून ठेवलं होतं ना?"

"माझाच दोष, आत्याबाई," तो मोठ्याने म्हणाला. "मला नाही जमत दुरुस्ती."

"बायकोचा गळा सोन्याचा आणि नवरा असा कथलाचा! साल्का, पुढच्या लग्नाला तू एकटीच ये. चांगला वादक आम्ही आणू."

तंबू हसला. साल्काचा चेहरा पांढराफटक पडला. स्वच्छ गिटारपुढे ती एक कडवंही टिकणार नव्हती. देदाह मात्र सगळ्यांबरोबर हसला, आत्यापुढे मान डोलावली आणि भोंग्याचा आवाज आणखी वाढवला, कारण पुढची ओळ वरच्या सुरातली होती.