याडीचा आवाज मी दिला

कळमनुरीच्या बसस्टँडजवळ एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी कामाला होतो. मोबाईलची मेमरी कार्डं तेव्हा नुकतीच आमच्याकडं आली होती. लोक मोबाईल घेऊन यायचे, मी गाणी भरून द्यायचो. गिऱ्हाईक नसलं की कुठूनतरी मिळालेल्या एका सॉफ्टवेअरवर ठेके बनवत बसायचो. त्यातून कधी काही घडेल असं मला वाटलं नव्हतं.

माझा मित्र जवळच्या बंजारा तांड्यावरचा. शाळेपासून आम्ही एका बाकावर बसलेले. पुढं हिंगोलीच्या होस्टेलवर त्यानं टीव्हीवर रॅप पाहिलं आणि त्याला त्याचं वेडच लागलं. म्हणायचा, "हे लोक गात न्हाईत, तालात बोलून राहिलेत. आमच्या तांड्यातल्या बाया रडताना असंच तर बोलतात. मग मला काहून जमणार न्हाई?"

त्याची धाकटी बहीण ऊसतोडीला गेली आणि तिकडंच वारली. उसानं भरलेल्या ट्रॉलीवरून पडली म्हणे. तिकडंच जाळली. टोळी घेऊन गेलेल्या मुकादमानं तिचं बोचकं तेवढं तांड्यावर आणून दिलं. त्यात दोन साड्या आणि कोयता होता.

तांड्यावर आईला याडी म्हणतात. मीही त्याच्या आईला याडीच म्हणायचो. पोरगी गेली तेव्हापासून याडी रोज सकाळी चुलीपुढं बसून रडायची. ते नुसतं रडणं नव्हतं. ती पोरीशी बोलायची, लांब हेल काढून, तालात. लहानपणी कोणती शेळी तुझ्यामागं फिरायची, कोणत्या लग्नात तू रुसून बसली होतीस, असं सगळं. प्रत्येक वेळी शेवटी एकच विचारायची, "छोरी, कत गी?" पोरी, कुठं गेलीस? मग डोळे पुसून भाकरी थापायला घ्यायची.

मित्रानं गाणं लिहिलं, त्यात मुकादमाला विचारलेले प्रश्नच प्रश्न होते. ट्रॉलीवर किती जण बसवले होते? तिला दवाखान्यात कोणी नेलं? आम्ही येईपर्यंत थांबला काहून नाहीस? अर्धं मराठीत, अर्धं तांड्याच्या बोलीत, गोरमाटीत. मी त्याला ठेका बांधून दिला. पण मध्ये याडीचं रडणं पाहिजे असं त्याचं म्हणणं.

मी म्हणालो, "तिला कसं सांगायचं, माईकपुढं रड म्हणून?"

त्यानं सांगितलं. याडीनं एवढंच विचारलं, "मुकादम ऐकंल का?"

"ऐकंल," तो म्हणाला.

नांदेडला एका गल्लीत भजनं-भारुडं रेकॉर्ड करणारा स्टुडिओ होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. याडी दंडापर्यंत बांगड्या घालून आली होती. स्टुडिओवाला म्हणाला, "मावशी, त्या काढा, आवाज येतो." तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. मित्रानं एका दमात आपलं सगळं म्हटलं. मग याडीची पाळी आली. ती माईकपुढं उभी राहिली आणि तिला काही सुचेना. चूल नव्हती, सकाळ नव्हती. शेवटी ती खाली फरशीवर बसली आणि आम्ही माईक तिच्या तोंडाजवळ खाली आणला. मग ती जे रडली ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही. स्टुडिओवाल्यानं मशीन बंद केलं तरी ती बोलतच होती.

आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही गाणं बाहेर काढलं. म्हणजे काय, तर दुकानाबाहेरच्या स्पीकरवर लावलं आणि सीड्या टेबलावर मांडल्या. मित्र इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. लोक थबकायचे, बघायचे, पुढं जायचे. एक जण म्हणाला, "हे काय भांडण लावून राहिले बे? गाणं लावा ना." दुपारपर्यंत मालकानंच ते बंद करायला लावलं. मुकादमापर्यंत ते गेलंच नाही. पुढच्या बाजारालाही तेच झालं. तिसऱ्या बाजाराला मित्र आला नाही.

काही दिवसांनी एक डीजेवाला दुकानात आला. लग्नसराईसाठी त्याला नवीन माल पाहिजे होता. मी आपलं आमचं गाणं लावलं. तो मित्राच्या बोलण्यावर जांभई देत होता, पण याडीचा आवाज आला तसा ताठ झाला.

"ही बाई कोण? एवढाच तुकडा दे मला."

मी दिला. मित्राला विचारलं नाही. मला वाटलं, निदान ह्या वाटेनं तरी गाणं लोकांत जाईल. आणि खरं सांगायचं तर कोणालातरी माझं काम आवडलं, ह्याचंच मला जास्त कौतुक वाटलं.

त्यानं मित्राचे शब्द सगळे काढून टाकले. याडीचा आवाज वेगानं पळवला, बारीक केला, खाली जोरदार ढोल घातला. "कत गी, कत गी, कत गी." त्या उन्हाळ्यात वरात निघाली की हेच. पोरं आमच्याच दुकानात येऊन ते मागायची, आणि मीच भरून द्यायचो.

मग मित्राच्या चुलतभावाचं लग्न आलं. भर दुपारी तांड्यावर डीजेची गाडी आली. मी मित्राजवळच उभा होतो. ते वाजायला लागलं आणि पोरं नाचायला लागली. बायांच्या घोळक्यात याडी होती. तिनं आधी इकडंतिकडं बघितलं, कोणीतरी हाक मारल्यासारखं. मग सरळ गाडीकडं चालत गेली आणि स्पीकरवर हात ठेवून उभी राहिली. लोकांना वाटलं, म्हातारी नाचायला आली. त्यांनी तिला मध्ये जागा करून दिली, भोवती रिंगण धरलं, शिट्ट्या वाजवल्या.

मित्रानं धावत जाऊन वायर ओढली. मारामारी झाली. नवरदेवाकडच्यांनीच त्याला मारलं, लग्नात विघ्न आणलं म्हणून. त्याच्या ओठातून रक्त येत होतं तेव्हा मी सांगितलं, "तो तुकडा मी दिला होता."

त्यानं बाहीनं ओठ पुसला. "इचारायचं तरी होतं," म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

मी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून गाणं पुसलं. त्यानं काय होणार होतं? ते गावोगावच्या खिशांत जाऊन बसलं होतं. एकदा धीर करून सकाळी तांड्यावर गेलो. मित्र शेतात गेला होता. याडी चुलीपुढं गप्प बसून भाकरी करत होती. मी पाया पडलो तर म्हणाली, "आता रडाया बसले की त्यो बाजाच कानात येतो, बाबा. पोरगी येत न्हाई." तिचा राग दिसला असता तर बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर मायलेक ऊसतोडीला निघाले. तोच मुकादम होता. मी फाट्यावर गेलो. ट्रक भरलेला, भांडी, शेळ्या, लेकरं. मित्रानं मला बघून तोंड फिरवलं. याडीनं वरून विचारलं, "जेवलास का?"

"व्हय," मी म्हणालो. मी जेवलो नव्हतो.

ते गाणं अजूनही एखाद्या वरातीत वाजतं. मी उठून मंडपाबाहेर जातो. बायको विचारते, काहून उठलात? मी तिला काही सांगितलेलं नाही.