मुलाणीचा क्लच

जिप्सी घरी आली तो रविवार होता. वेळ सकाळी साडेनऊ. इंजिन चालू होत नव्हतं, म्हणून ट्रेलरवरून उतरवून चौघांनी ती ढकलत नोएडातल्या आमच्या घराखालच्या पार्किंगमध्ये आणली. लष्कराच्या लिलावातून निघालेली, एका व्यापाऱ्याकडून मी घेतलेली पेट्रोल जिप्सी. हिरव्या रंगाचे पोपडे सुटत होते. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून आरपार गेला होता. दिल्लीच्या पट्ट्यात पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मुदत असते. हिची दोन शिल्लक होती.

"दोन वर्षांसाठी एवढा उपद्व्याप?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मी चौदा वर्षं सैन्यात होते. गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात. मेजर म्हणून बाहेर पडले. आता एका कंपनीत सप्लाय चेन बघते. ते काम वाईट नाही.

त्या रात्री मी इक्बाल मुलाणीला फोन केला. मुलाणी सांगली जिल्ह्यातला. माझ्या वर्कशॉपमध्ये ड्रायव्हर होता. डावा पाय अधू झाल्यावर मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवलं. आता नोएडातच एका ऑफिसच्या कॅबचं वेळापत्रक सांभाळतो. स्वतः गाडी चालवत नाही.

"मुलाणी, एक गाडी बघायची आहे."

"कंची, मॅडम?"

"जिप्सी."

मग म्हणाला, "रविवारी आठला येतो."

आठला पाच कमी असताना आला. सोबत स्वतःचे पाने आणले होते.

सात महिने असं चाललं. रविवारी आठ ते एक. मध्ये साडेदहाला चहा. पहिले दोन महिने नुसतं उघडणं आणि घासणं. बॉडी उचलून चॅसी मोकळी केली. गंज खरवडला, जिथे पत्रा बोटाने दबत होता तिथे कापला, नवा तुकडा वेल्ड करून घेतला. सगळी वायरिंग काढून टाकली. जुन्या तारा हातात घेतल्या की आवरण कडकड मोडायचं. स्टार्टर मुलाणीने डायनिंग टेबलावर उघडला. घरात कोणी तक्रार केली नाही. शेजाऱ्यांनी केली, ग्राइंडरच्या आवाजाची. आम्ही ग्राइंडर अकरानंतर चालवायला लागलो.

मग सुधारणा. पुढच्या सीटना खांद्यावरून येणारे पट्टे. दुसऱ्या एका गाडीतून काढलेलं पॉवर स्टिअरिंग. आणि क्लच. या गाडीचा क्लच तारेवर चालतो आणि जुन्या गाडीत तो जड होतो. मी तार काढून तेलाच्या दाबावर चालणारा क्लच बसवायचं ठरवलं. त्यासाठी पेडलचा ब्रॅकेट दोनदा बनवावा लागला. दुसऱ्या वेळी मुलाणी म्हणाला, "मॅडम, तुमाला जुना क्लच काय जड नव्हता."

"नव्हता."

त्याने पाना पुसला आणि पुढच्या बोल्टाला लावला.

गाडीखाली तो तासन्तास काम करायचा. सीटवर मात्र बसला नाही. ब्रेकमधली हवा काढताना पेडल दाबायला कोणाला तरी वर बसावं लागतं. दरवेळी मीच बसले. त्याचं कारण मला माहीत होतं.

दहा वर्षांपूर्वी आम्ही दोघं उत्तर सिक्कीममध्ये होतो. मी कॅप्टन. माझ्याकडे वर्कशॉपची छोटी तुकडी होती. बंद पडलेल्या, रस्त्यावरून घसरलेल्या गाड्या बाहेर काढणं हे आमचं रोजचं काम. ते हवालदार रामकुमार बघायचे. पानिपतजवळच्या गावचे. मी रुजू झाले त्या दिवशी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून म्हणाले, "मैडम, हम भी मराठा हैं." लढाईनंतर तिकडेच राहिलेल्यांचे आपण वंशज, असं त्यांच्याकडे सांगतात. मुलाणीला ते "गाववाले" म्हणायचे. मुलाणीही त्यांना तेच म्हणायचा.

एका सकाळी ०६५५ ला रेडिओवर निरोप आला. मुलाणी रेशनचा हिशेब द्यायला पुढच्या चौकीकडे निघाला होता. रस्त्याची कड खचली आणि त्याची जिप्सी चाळीस फूट खाली नाल्यात गेली. आम्ही ०७१० ला पोचलो. जिप्सी कुशीवर पडली होती. पाणी सीटपर्यंत. मुलाणी आत, शुद्धीवर, डावा पाय पेडलच्या खाली अडकलेला. पाण्याच्या रेट्याने गाडी हलत होती. अजून थोडी सरकली असती तर खाली धबधबाच होता.

वरच्या उतारावरून बारीक दगड येत होते. नियम असा, की इंजिनिअर्सनी उतार पाहिल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही. ते पाऊण तास लांब होते.

रामकुमार म्हणाले, "मैं जाता हूं, मैडम."

मी घड्याळ पाहिलं. मग म्हटलं, "जाइए."

ते वायर रोपचा हुक घेऊन उतरले. खांद्याला रेडिओ सेट. छातीभर पाण्यात उभं राहून त्यांनी जिप्सीला हुक लावला. आम्ही वरच्या पुलीवरून रोप ताणला. गाडी हलायची थांबली. मग त्यांनी मुलाणीचा पाय सोडवला, त्याला दोर बांधला. ०७३० ला मुलाणी वर आला. तोवर त्याची शुद्ध हरपली होती.

०७३१ ला उतार खाली आला.

धूळ बसल्यावर मला जिप्सीचं एक चाक दिसलं. रामकुमार दिसत नव्हते. मी सेट उचलला.

"रामकुमार, हालत बताइए. ओवर."

"कमर तक दबा हूं, मैडम. गाडी और पत्थर के बीच. ओवर."

"डोजर निकल चुका है. बीस मिनट. ओवर."

"अच्छा, मैडम."

माझे दोन जवान दोर बांधायला लागले होते. उतार अजून हलत होता. मी म्हटलं, "कोई नीचे नहीं जाएगा." एकाने माझ्याकडे पाहिलं. मी तेच पुन्हा म्हटलं. त्यांनी दोर सोडला.

अकरा मिनिटं आम्ही सेटवर बोलत होतो. फार नाही. त्यांनी मुलाणीचं विचारलं. मी सांगितलं, श्वास चालू आहे. शेवटी म्हणाले, "मैडम, ऊपर वाली पुली का पिन घिस गया है. बदलवा देना. ओवर."

"रॉजर," मी म्हटलं.

०७४२ ला दुसऱ्यांदा दरड आली. त्यानंतर सेटवरून उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी १११० ला ते सापडले.

चौकशीत मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. निर्णय योग्य ठरला. पण त्यांच्या पत्नीला, कृष्णा यांना, जे पत्र मी लिहिलं त्यात लिहिलं की हवालदार रामकुमार जागीच गेले, त्यांना त्रास झाला नाही. मुलाणी तेव्हा हॉस्पिटलमध्ये होता. त्यालाही तेच सांगितलं गेलं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

मुलाणी दर ईदला आणि दिवाळीला पानिपतला फोन करायचा. जिप्सीचं त्यानेच सांगितलं असणार. गाडीला रंग दिला त्या आठवड्यात कृष्णाताईंचा मला फोन आला. "मैडम, गाडी तैयार हो गई तो इधर ले आओ. मैं भी देखूं."

पुढच्या रविवारी आठला मुलाणी आला. मी किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली. गाडीला एक फेरी मारली, दार उघडलं, आणि आधी डावा पाय हाताने उचलून आत ठेवला. क्लच तीन वेळा दाबून पाहिला. काही बोलला नाही. गाडी चालू केली. हायवेला लागेपर्यंत त्याच्या मानेवर घाम होता. मुरथलच्या पुढे तो सुकला.

कृष्णाताईंचं घर पानिपत शहराच्या कडेला आहे. गल्लीत मागांचा आवाज चालू असतो. त्या ब्लँकेटच्या कडा शिवायचं काम घेतात. त्यांनी बाहेर येऊन जिप्सी नीट पाहिली. बॉनेटवर हात ठेवला. मग आत जेवायला बसवलं.

जेवणानंतर त्यांनी विचारलं, "मैडम, उन्होंने कुछ कहा था?"

दहा वर्षांत हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. मी मुलाणीकडे पाहिलं नाही.

"कहा था," मी म्हटलं, आणि सांगितलं. वेळांसकट. मी दोघांना थांबवलं तेही.

"चिट्ठी में तो और कुछ लिखा था."

"चिट्ठी मैंने लिखी थी."

त्या उठल्या. आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला. मुलाणी ताटाकडे बघत बसला होता.

त्या चहा घेऊन बाहेर आल्या.

"ग्यारह मिनट," त्या म्हणाल्या. "किसी को भेज देतीं तो?"

"शायद वो भी नहीं आता."

"शायद."

मग कप माझ्याकडे सरकवून, "वो पिन बदला?"

"अगले दिन."

त्यांनी मान हलवली. पदराने डोळे पुसले नाहीत, कारण डोळे कोरडे होते. म्हणाल्या की ते घरीही असेच होते. सुट्टीवर आले की दाराच्या कड्या, पंख्याचे स्क्रू तपासत फिरायचे. एका गोष्टीला मात्र घाबरायचे. पाण्याला. लहानपणी त्यांच्यासमोर एक भाऊ गावच्या कालव्यात बुडाला. त्यानंतर रामकुमार कधी कालव्यात उतरले नाहीत. म्हशींना पाण्यावर न्यायलासुद्धा दुसऱ्याला पाठवायचे. पोहता येत नव्हतं.

"तुम्हें नहीं बताया होगा," त्या म्हणाल्या. "शरमाते थे."

आम्हाला खरंच माहीत नव्हतं.

निघताना त्या मला म्हणाल्या, "फिर आना." गाडीपर्यंत मात्र आल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर मुलाणीच गाडी चालवत होता. मी म्हटलं, "तुला आधी सांगायला हवं होतं."

"व्हय," तो म्हणाला. "सांगायला पायजे हुतं."

गिअर बदलला. मग रस्त्यावरची नजर न काढता बोलायला लागला.

"मॅडम, माझा पाय सोडवताना एका हातानं त्यांनी माझी कॉलर धरली हुती. सारखे बोलत हुते. पाणी लई गार है, गाववाले. पाणी किती गार है बघ. मी कायच बोलत नव्हतो, तरी आपले बोलतच हुते. मला वाटलं, मला धीर देत्यात."

त्याने एका ट्रकला वाट दिली.

"आवाज जरा कापत हुता त्यांचा. मी म्हटलं, थंडीनं असंल."