नातीसाठी तिळगूळ

मुलांनो, इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या पार्कमध्ये एक इंग्लिश आजोबा रोज मांडीवर कॅप ठेवून बसायचे. मला पाहिलं की सरकून जागा द्यायचे. तरुणपणी त्यांनी आफ्रिकेत सिंह मारला होता. त्या शिकारीचा फोटो नातीने कौतुकाने इंटरनेटवर टाकला आणि लोकांनी दोघांनाही नको नको ते लिहिलं. मग त्यांच्या बाकाकडे कुणी फिरकेना.

शिकार मलाही आवडली नव्हती. तरी संक्रांतीला मी तिळाचा लाडू पुढे केला. “आज हा खाऊन गोड बोलायचं असतं.”

त्यांनी तो अलगद कॅपमध्ये ठेवला. “नातीला देईन. त्या फोटोपासून ती माझा फोन उचलत नाही.”

मी दुसरा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. “हा तुम्ही खा. सुरुवात तुम्हालाच करायची आहे.”